पाच दिवसांची माता

मला पोहता येतं हे मुकुटबनला कोणाला रुचलं नाही. शाळेत विज्ञान शिकवणारी, चाळिशी उलटलेली, बिनलग्नाची बाई रविवारी सकाळी स्कूटी काढते आणि गावाबाहेरच्या तलावात जाऊन पडते, म्हणजे हिच्या डोक्यात काहीतरी बिघाड असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. असू दे बिघाड. वडिलांनी पुसदला नदीच्या डोहात पाठीला वाळका भोपळा बांधून मला पोहायला शिकवलं. आता वडील नाहीत, आईही नाही. भाऊ नाशिकला असतो. तो रोज सकाळी फुलांचा फोटो आणि खाली ‘शुभ सकाळ’ पाठवतो, की झालं त्याचं कर्तव्य. पाण्यात असले की मला कोणाची आठवण येत नाही. तेवढं एक सुख होतं आणि ते मी लोकांसाठी सोडणार नव्हते.

पण एक अडचण होती. पुरुष तलावातून निघतात, पंच्यानं अंग पुसतात, कोरडं नेसतात आणि चालू लागतात. बाईनं कपडे बदलायला आडोसा शोधायचा कुठं? म्हणून मी ओल्या ड्रेसनंच काठावरच्या दगडावर बसायचे आणि कपडे अंगावरच वाळू द्यायचे. त्या एप्रिलच्या रविवारी पाणी पार खाली गेलं होतं. मधे नुसता गाळ होता, म्हणून मी काठाकाठानं, गवताच्या कडेनं पोहत राहिले. पाणी कोमट होतं. बदकं जवळून जात होती, पायाला गोगलगायी लागत होत्या. कुर्ता फुगून पाण्यावर येत होता. तासभर पोहले, मग तासभर दगडावर बसले, आणि उठताना ओढणी तिथंच विसरून आले.

संध्याकाळी पोटऱ्यांना चुणचुण सुटली. सकाळी उठून पाहते तर पाय, हात, मान, सगळीकडे लाल पुरळ. काही ठिकाणी तर पाण्याचे बारीक फोड. आणि खाज! खाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. सगळ्यात वाईट पाठ. दोन खांद्यांच्या मधली, हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही पोचत नाही, ती जागा. मी लाकडी फुटपट्टी घेऊन दाराच्या चौकटीशी उभी राहून पाठ खाजवत होते, तेवढ्यात घरमालकीण काकू नळ आल्याचं सांगायला आल्या.

काकूंबद्दल आधी सांगायला हवं. अंगण एक, इकडे त्यांचं घर, तिकडे माझ्या दोन खोल्या. वय सत्तरीला टेकलेलं. नवरा गेलेला, एकुलती मुलगी वणीला दिलेली, जावई खाणीत कामाला. दोन वर्षं मी त्यांच्या अंगणात राहत होते, आणि दोन वर्षांत काकू माझा उंबरा कधी ओलांडून आल्या नव्हत्या. बोलायच्या गोड, ‘मॅडम, मॅडम’ करून. काही द्यायचं झालं तर बाहेरून हात लांब करून द्यायच्या. मी चहा विचारला की ‘आत्ताच झाला’. आमच्या घरातले देव आजोबांनी पोत्यात भरून नदीत सोडले त्याला दोन पिढ्या होऊन गेल्या. माझ्या भिंतीवर कोणाचा फोटो आहे हे काकूंनी पहिल्याच दिवशी बाहेरून पाहून घेतलं होतं. आत न येण्याचं कारण त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि गावात ते बोलून दाखवायची कोणाला गरज नव्हती. मीही मग दोनदा विचारून तिसऱ्यांदा विचारलं नाही. माझा स्वभाव असाच आहे, अकडू.

तर त्या सकाळी काकूंनी माझे दंड पाहिले, मान पाहिली आणि त्यांचा हातच तोंडावर गेला.

“अवं माय! हे तं माता होय!”

“नाही हो काकू, हे पाण्याचं काहीतरी...” असं मी म्हणायला लागले. मला तिसरीत असतानाच कांजण्या येऊन गेल्या होत्या, कपाळावर खूण आहे. एकदा येऊन गेल्या की सहसा पुन्हा येत नाहीत, हे मीच दरवर्षी सातवीच्या पोरांना शिकवते. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत काकूंनी चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि सरळ माझ्या कपाळाला हात लावला.

खरं सांगते, मला कोणी हात लावून किती वर्षं झाली होती ते मला आठवेना. बसमध्ये धक्का लागतो तो वेगळा. काकूंचा हात खरखरीत होता, त्याला राखेचा वास होता, आणि त्या म्हणाल्या, “ताप आहे बाप्पा आंगात. निज माय, निज. आता तू उठू नको.” ताप नव्हता. मी निजले.

अर्ध्या तासात दाराला निंबाचे डगळे, पाल्यासकट डहाळ्या, लागले. काकूंनी अंगण सारवलं. माझे पाय धुतले, हो, पाय धुतले, आणि हात जोडले. मला नाही, मातेला. त्या पाच दिवसांत मी ‘मॅडम’ नव्हते, ‘माय’ होते. शाळेत मी कांजण्या म्हणून कळवलं. मुख्याध्यापकांनी तातडीनं सांगितलं, आठ दिवस फिरकू नका, पोरांना लागेल. एका खोट्यातून दुसरं निघालं.

काकूंनी आपल्या घरात फोडणी बंद केली. तळण नाही, केसाला तेल नाही. एका अंगणात माता म्हणजे घरातच माता, असं त्यांचं म्हणणं. मला सकाळ-संध्याकाळ दहीभात. आणि दुपारी त्या माझ्या मागं बसायच्या, ओला निंबाचा डगळा पाठीवरून हळूहळू वरून खाली फिरवायच्या. “खाजवू नको माय, डाग पडतीन.” बरोब्बर त्या जागी, जिथं माझा हात पोचत नाही. मी डोळे मिटून बसायचे आणि कधी कधी डोळ्यांत पाणी यायचं. काकूंना वाटायचं, आग होते आहे.

मंगळवारी तलावावर मासे धरणारा दादा माझी ओढणी द्यायला आला. काकू त्यांच्या घरात होत्या. त्यानं खिडकीतून माझे हात पाहिले आणि हसायलाच लागला.

“मॅडम, हे तं तलावाची खाज होय! काठाकाठानं पोहल्या असान. उन्हाळ्यात पानी उतरलं, गोगलगाई वाढल्या का पान्यात खाज सोडते ते. आमी आंगाले तेल चोपडून उतरतो अन् निघालो का पंचानं खसाखसा पुसतो. आंगावर वाळू देल्लं का संपलं. आठ दिवसांत जाते, खाजवू नका फक्त.” मग दाराचे डगळे दिसले आणि त्याचं हसू थांबलं. “माता कोनाले आली?”

“मला,” मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे बघितलं, ओढणी खिडकीत ठेवली आणि काही न बोलता गेला. शहाणा माणूस.

मोबाईलवर शोधलं तर त्याचं शब्द न् शब्द खरं. गोगलगायीतून डोळ्यांना दिसणार नाहीत असे किडे पाण्यात सुटतात, ते बदकाला शोधत असतात. बदक समजून माणसाच्या कातडीत शिरतात, तिथं त्यांना जगता येत नाही आणि ते तिथंच मरतात. घर चुकलेले जीव. वाचून मला त्यांची कीव आली आणि मग स्वतःचा राग आला. विज्ञानाची बाई! आईनं मला असं मातेच्या थाटात बसलेलं पाहिलं असतं तर त्याच डगळ्यानं झोडपलं असतं. उद्या सांगू, असं मी मंगळवारी ठरवलं. बुधवारीही तेच ठरवलं. बुधवारी काकू पाठीमागं बसून त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या, वऱ्हाड बैलगाड्यांतून आलं होतं आणि नवरदेवाच्या गाडीचं चाक निखळलं होतं. मधेच कसं सांगायचं? गुरुवारी पुरळ सुकायला लागलं. मी पाहिलं आणि मला वाईट वाटलं.

शुक्रवारी दुपारी काकूंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोनवर ओरडतात. मला सगळं ऐकू येत होतं. शनिवारी वणीला नातवाचं बारसं होतं. मुलीला लग्नानंतर दहा वर्षांनी झालेलं पहिलं लेकरू. मला याचा पत्ताही नव्हता, काकूंनी सांगितलंच नव्हतं. मुलगी बहुतेक रडत असावी.

“कशी येऊ वं मी?” काकू म्हणत होत्या. “घरात माता बसली. तिले उठवून येऊ का? अन् बाळाले काही झालं मंग? ... अवं, तिले कोनी नाही बाप्पा. भाऊ नाही येत, कोनी नाही येत. कोन पाहीन तिले? मले बी का नातू पाहाव वाटत नाही?”

‘तिले कोनी नाही.’ दोन वर्षं मी हे गावापासून लपवलं असं मला वाटत होतं.

मी उठले. अंगण ओलांडून काकूंच्या दारात गेले. पाच दिवसांत पहिल्यांदा मी त्यांच्या उंबऱ्याशी उभी होते, आत गेले नाही. “काकू, माता नाही ही. तलावाच्या पाण्याची खाज आहे. मला मंगळवारीच माहीत होतं. म्हणजे पहिल्या दिवशीच माहीत होतं. तुम्ही जा वणीला. काही लागत नाही बाळाला.”

काकूंनी फोन बंद करून खाली ठेवला. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मंग मी पाय कोनाचे धुतले?” त्या म्हणाल्या.

‘माझे’ हा शब्द तोंडातून निघेना.

“खोटं कायले बोलली?”

“तुम्ही आत आल्या होत्या म्हणून,” मी म्हणाले. यापेक्षा खरं मी आयुष्यात काही बोललेले नाही.

त्या उठल्या, दाराचे डगळे उतरवले, उकिरड्यावर टाकले आणि पिशवी भरायला लागल्या. शनिवारी पहिल्या बसनं गेल्या. मला सांगून गेल्या नाहीत. फाटकाची कडी वाजली तेवढी मी ऐकली.

नऊ दिवस अंगणात मी एकटी होते. शाळेत जाऊन आले. ‘कशा आहेत आता कांजण्या?’ असं विचारलं की ‘बऱ्या आहेत’ म्हणायचे. पुरळ पार गेलं, कातडी स्वच्छ झाली. तलावावर गेले नाही. पाण्यात गेलं तरी आता आठवण येणार होती.

दहाव्या दिवशी काकू परतल्या. संध्याकाळी माझ्या दाराशी आल्या, हातात वाटी. बारशाच्या घुगऱ्या, पण वणीहून आणलेल्या नव्हत्या, तिथल्या केव्हाच संपल्या असणार. घरी येऊन पुन्हा शिजवल्या होत्या, वाटी गरम होती.

“कसा आहे नातू?”

“चांगला आहे. आज्याच्या तोंडावर गेला.” त्यांनी हात लांब केला. वाटी माझ्या हातात आली. “पाठ बरी झाली का मॅडम?”

बरी होऊन आठवडा झाला होता. “झाली,” मी म्हणाले. एवढं तरी खरं बोलले. मग दोन वर्षं राहून गेलेलं तिसऱ्यांदा विचारलं, “काकू, आत या ना.”

त्या उंबऱ्याकडे बघत राहिल्या. एक पाय चपलेतून निघाला होता, मी पाहिलं. मग त्यांनी तो परत चपलेत घातला.

“आता माता कुठं आहे,” त्या म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या. अंगणातून जाताना त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं आणि घरात जाऊन दिवा लावला.

मी दारातच उभी राहून घुगऱ्या खाल्ल्या. मीठ जरा जास्त होतं. सगळ्या खाल्ल्या.