बांगड्या भरणारा हात

"थंडी वाजतीया, काकू. हात गारठल्यात, दुसरं काय न्हाय."

"वैशाखात?" शकुबाईनं विचारलं, तशा ओसरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"अगं, भाईला वाकळ आना की कुनीतरी!"

इस्माईल मणेरही हसला, पण मान वर न करता. कळंबात शकुबाईच्या नातीचं, स्वरूपाचं लग्न होतं आणि नवरीला हिरवा चुडा भरायला तो सकाळीच आला होता. या घरातल्या बायकांना आधी त्याच्या बापानं बांगड्या भरल्या, मग त्यानं. हात कितीही ताठर असो, इस्माईल कळ येऊ देत नाही, असं त्याचं नाव. आज मात्र तिसरी बांगडी स्वरूपाच्या मनगटावरच तडकली. रक्ताचा थेंब आला.

"वाढली," कुणीतरी पटकन म्हणालं. फुटली म्हणायचं नसतं. हसणं थांबलं.

महिनाभर हे असंच चाललं होतं. सकाळी हात थाऱ्यावर नसायचा. बायकोला, करिमाला, त्यानं शुगर सांगितली होती. ती रोज कारल्याचा रस काढून द्यायची. तो निमूट प्यायचा आणि वर गाडीच्या डिकीतल्या बाटलीचे दोन घोट. कारल्यानं उतार पडला म्हणून ती बिचारी खूश. आज लग्नघर म्हणून त्यानं ते दोन घोट टाळले होते.

"जरा जाऊन येतो," म्हणत तो उठला आणि लवंग चघळत परत आला. मग हात असा चालला, की एका हातात दहा, दुसऱ्यात अकरा, एकही तडकली नाही. रीतीप्रमाणं स्वरूपा त्याच्या पाया पडायला वाकली. एरवी तो "अल्ला सुखी ठेवो" म्हणायचा. आज त्यानं पाय मागं ओढले.

नवरी आत गेली. शकुबाई सरकत जवळ आली, ओकंबोकं मनगट त्याच्यापुढं धरून हळूच म्हणाली,

"भरू नगंस, बघ नुसतं. आमचं मालक, गेणबा, सकाळी बशी धरायचं तर चहा धोतरावर. थंडी हाय म्हनायचं. घोट पोटात गेला की हात खांबावानी थिर. मी बी येडी, म्हनायची, औषिद लागू पडलं. त्यातच गेलं ते." ती थांबली. "तू आत्ता औषिदच घिऊन आलास न्हवं?"

'न्हाय' जिभेवर तयारच होतं, महिनाभर वापरून गुळगुळीत झालेलं. पण त्याला पायाशी वाकलेली स्वरूपा दिसली.

"व्हय," तो म्हणाला. "त्याच्याबिगर हात चालंना झालाय, काकू."

"करिमा परवा बाजारात कारली निवडत हुती. किती दिस निवडंल? आज घरी जाऊन खरं सांग तिला. दवाखान्यात न्हील ती."

त्यानं मान डोलावली. तेवढ्यात नवरीची आत्या, प्रगती, मांडी घालून समोर बसली.

"आता माझा नंबर. गेली का थंडी, भाई?"

बायका पुन्हा हसल्या. इस्माईलनं तिचा हात घेतला, बोटं चेपून मऊ केली आणि पहिली बांगडी चढवली. त्याचा हात तसूभर हलला नाही. त्याला स्वतःच्याच हाताकडं बघवेना. खाली मान घालून त्यानं दुसरी बांगडी उचलली.