समुद्रातली रस्सीखेच

हसणार नसाल तरच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि घरला जावा. आमच्या मेव्हण्यानं ही गोष्ट निम्म्या कोल्हापूरला आधीच सांगून टाकलीय, तेव्हा उरलेल्या निम्म्याला मीच सांगतोय. निदान तिखटमीठ तरी आपल्या हातानं लागेल.

तर दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गगनबावड्याचा घाट उतरून मालवणकडं समुद्रावर गेलतो. मी, बायको सुनीता आणि तिचा धाकटा भाऊ विनायक. ह्या विनायकरावांना गंमत म्हटली की पाकीट काढायचा रोग. पिशव्या खोलीवर टाकायच्या आत बोट ठरवायला निघाला. मी म्हटलं, अरे, देवानं समुद्र फुकट दिलाय, वाळू फुकट, वारा फुकट. एक पैसा न घालवता मी तुम्हाला मजा करून दाखवतो.

तो म्हणाला, "दाजी, फुकटात वाळूच मिळतीया. ती बी चपलात."

आता बायकोच्या देखत मेव्हणा असं बोलल्यावर गप्प बसणं शोभतं का? मी इरेला पेटलो. दोन दिवस त्यांना इतकी फुकटची मौज दिली की बिचारे दमले. शिंपले वेचले. वाळूचा पन्हाळा बांधला. सूर्य मावळताना बघितला. मग उगवताना बघायला पहाटे सगळ्यांना उठवून किनाऱ्यावर बसवलं, तर तो पाठीमागच्या डोंगरातनं वर आला. पश्चिम किनाऱ्यावर आहोत हे कुणी आधी सांगायला नको? सुनीता एवढंच म्हणाली, की आता आणखी एक शिंपला दाखवलात तर मी इथनंच माहेरला जाईन.

म्हणजे अब्रू पणाला लागली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच काहीतरी दणदणीत शोधायला बाहेर पडलो. आणि सापडलं की!

किनाऱ्यावर वीसेक माणसं एकामागं एक उभी राहून जाडजूड दोरी ओढत होती. पार लांब, तिकडच्या टोकाला, तेवढीच माणसं तशीच ओढत होती. मधली दोरी समुद्रात गेलेली.

रस्सीखेच! दुसरं काय असणार? आमच्या गावच्या जत्रेत रस्सीखेच ओढ्यावर असते. ह्या काठाला एक संघ, त्या काठाला दुसरा, आणि हरेल तो पाण्यात. ह्यांच्याकडं ओढा नाही, म्हणून दोरी समुद्रातनं घातली असणार. मी मनातल्या मनात दाददेखील दिली त्यांच्या डोक्याला.

शेपटाकडच्या एकाला विचारलं, आम्ही हात लावला तर चालेल का. तो म्हणाला, "लावा मा. हात लावलो काय वाटो मिळता." म्हणजे बघा, प्रवेश फुकट आणि वर बक्षिसात वाटा. मी पळतच गेलो आणि दोघांना घेऊन आलो. वाटेत कागलचे पाच-सहा गडी जीप लावून वडापाव खात होते. एकेकाचे दंड असे की माझी मांडी लाजेल. त्यांना म्हटलं, कोल्हापूरच्या इज्जतीचा प्रश्न हाय. वडापाव टाकून आले हो ते!

मग सूत्रं अर्थातच मी हातात घेतली. शिरोलीत फौंड्रीत सुपरवायझर आहे मी. मशीनच्या वर आवाज काढायची सवय. माझ्या एकेका आरोळीला दोरी सरासरा येत होती. मूळची माणसं कायतरी बोलत होती, पण माझ्या आवाजापुढं कुणाचं ऐकू येणार?

तिकडचा संघ हात हलवायला लागला. "सावकास, सावकास" असं ओरडत होते. मी आमच्या गड्यांना सांगितलं, दमले, गयावया करायला लागले, आता सोडायचं न्हाई. तेवढ्यात त्यांच्यातला एक म्हातारा दोरी सोडून आमच्याकडं पळत सुटला. संघाचा म्होरक्याच मैदान सोडून पळतोय म्हटल्यावर मी शेवटचा जोर लावायला सांगितला.

आणि दोरी एकदम हलकी झाली. आम्ही सगळे पाठीवर. मी उठलो ते दोन्ही हात वर करूनच. तो म्हातारा धापा टाकत पोचला, तर त्याचा हात हातात घेऊन मी म्हटलं, "पावणं, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या गड्यांनी झुंज चांगली दिली."

तो नुसता समुद्राकडं बघत राहिला. मीही बघितलं. दोरीच्या मागनं पिळा पडलेलं जाळं किनाऱ्याला लागत होतं. त्यात चार खेकडे, मूठभर बारके तारली मासे आणि कुणाचीतरी एक चप्पल.

जाळं! ह्याला म्हणतात रापण. पहाटे होडीनं अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही बाजूंनी सारख्या ताकदीनं ओढत आणायचं, म्हणजे मासा मधे कोंडतो. आम्ही एक बाजू अशी खेचली की जाळं फिरलं आणि अख्खा थवा दुसऱ्या बाजूनं निघून गेला. बऱ्याच दिवसांनी मासा एवढा जवळ आला होता म्हणे. चाळीस माणसांची सकाळ मी पाण्यात घातली होती. खरं सांगतो, त्या वाळूत स्वतःला गाडून घ्यावं असं वाटलं. पण तोंड गप्प बसेल तर ते कोल्हापूरचं कसलं?

मी विचारलं, "मग... जिंकलं कोण?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "मासे."

शिव्या देतील म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. तर नाही. त्यांच्यात रीत आहे, दोरीला हात लावला की वाटा मिळतोच. माझ्या हातावर तीन तारली ठेवली. विनायक मघापासून मोबाइलवर शूटिंग करतच होता. मला इतकं भरून आलं की सगळ्यांच्या चहा-नाष्ट्याचं मी कबूल केलं, आणि वर म्हटलं, "तात्या, उद्या पहाटे सगळ्यांच्या आधी हजर राहतो. कागलचे गडी बी आणतो. आजचं नुकसान भरून काढतो."

म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला, मला बाजूला नेलं आणि लेकराला समजवावं तसं म्हणाला, "पावण्यांनू, तुम्ही उद्या निजा. रशीक हात लावू नकात. तुमचो वाटो मी रूमार पोचवतंय."

आणि पोचवला! पिशवीभर ताजे बांगडे. काम करून वाटा सगळेच मिळवतात हो. कामाला हात लावू नये म्हणून ज्याला गावानं घरपोच वाटा दिला, असा कोल्हापुरात मी एकटाच.