ड्रममधला पेरू

बाळकुमच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्याच्या गॅलरीत एका निळ्या ड्रममध्ये पेरूचं झाड आहे. त्याचं गुटी कलम आवडाबाईंनी स्वतः बांधलेलं, जुन्नरकडच्या भावाच्या बागेत, ती बाग रस्त्याखाली जायच्या आधीच्या पावसाळ्यात. त्या बागेतलं एवढंच एक झाड उरलंय. आणि भाऊ, धोंडीबा. तो शहाडला मुलाच्या घरी खाटेवर पडून असतो. फोनवर दुसरं काही विचारत नाही.

"आवडे, कळी आली का?"

"यंदा येती बघ दादा. तिसरं वर्स हाय."

"मग आटप. मला उगा थांबवून ठेवू नको."

एप्रिल संपता संपता आवडाबाईंनी झाडाचं पाणी तोडलं. बागेत असंच करायचे. पेरूला ताण द्यायचा, पानं पिवळी पडून गळू द्यायची, मग खत-पाणी केलं की नव्या फुटीवर कळ्या धरतात. पाणी चालूच ठेवलं तर झाड नुसतं पानांनी माजतं.

पण पानं काही पिवळी पडेनात. आवडाबाई रोज मातीत बोट खुपसायच्या. माती ओली. एवढ्या उन्हात ओली कशी? ड्रम ओल धरतो, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

जूनमध्ये समोरच्या नीलाकाकू चहाला आल्या. "पेरू काय टवटवीत दिसतोय हो तुमचा."

"क्रेडिट माझं आहे, काकू." सून शिवानीनं आवाज खाली आणला, पण हॉल तो केवढा. "आई पाणी घालायचंच विसरलेल्या. महिनाभर. त्यांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. दुपारी त्या झोपल्या की मीच गपचूप बादली ओतायचे."

आवडाबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

"इसरले न्हाय. मी तोडलं हुतं पाणी."

"मुद्दाम?"

"ताण द्यावा लागतो त्याला."

शिवानीनं नीलाकाकूंकडे पाहिलं. नीलाकाकूंनी बिस्किटांकडे पाहिलं.

रात्री जेवताना मुलानं, संदेशनं, समजुतीच्या सुरात सुरुवात केली. "आई, अगं तहानलेलं ठेवून झाडाला फळं येतात का कधी?"

"तू दर मे महिन्यात मामाकडं जायचास ना? वाळकी बाग दिसली न्हाय तुला?"

"मी तिकडे विहिरीत पोहायला जायचो गं. ते जाऊ दे. शनिवारी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय. नुसती तपासणी."

शनिवारी डॉक्टरनं विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"वार घिऊन तुमाला काय करायचंय?"

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं. संदेशनं मान हलवली.

त्या वर्षी एकही कळी आली नाही. धोंडीबाचा आवाज मात्र फोनवर बारीक होत गेला. "आता दाढेखाली एक चावा मिळाला की मी मोकळा," असं म्हणायला लागला तो. डिसेंबरात त्याचं जेवण सुटलं. तेव्हा आवडाबाईंनी नाक्यावरच्या गाडीवर अर्धा तास घालवून दोन पेरू निवडले, खरबरीत सालीचे, आखूड देठाचे, अगदी बागेतल्यासारखे. पदरात गुंडाळले. शिवानीनं रिक्षा बोलावली आणि दोघी शहाडला गेल्या.

धोंडीबानं पेरू हातात घेतला. नाकाशी नेला. देठ चाचपला.

"गाडीवरचा हाय."

"न्हाय दादा. ड्रममधला."

"आवडे, आयुष्य गेलं माजं त्यात." त्यानं पेरू उशाशी ठेवला. "आता तू बी मला येडा समजायला लागलीस का?"

आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

परतताना आवडाबाई रिक्षाच्या बाहेर बघत होत्या. शिवानीनं त्यांचा हात हातात घेतला. मनापासूनच घेतला.

"नका लावून घेऊ, आई. मामांना आता वास-चव काही कळत नाही. अंदाजानं बोलले. वय झालंय त्यांचं." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि पेरूची काळजी तुम्ही आता सोडाच. मी मोबाइलला अलार्म लावलाय. पाणी रोज मीच घालेन."