तोगमिदनं दिलेला शब्द

तोगमिद माझ्या थोरल्या बहिणीचा, दुलमाताईचा नवरा. लोक त्याला आधी अध्यक्ष म्हणाले, मग कॉम्रेड म्हणाले, शेवटी देशाचा शत्रू म्हणाले. मी पहिल्यापासून दाजी म्हणत आले, अजूनही तेच म्हणते.

लग्न ठरलं तेव्हा तो टप्प्यावरचा घोडेस्वार होता. सरकारी निरोप घेऊन एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यापर्यंत घोडा दामटायचा, तिथल्या स्वाराच्या हाती निरोप द्यायचा आणि परत फिरायचं. पगार कसला, वेठच ती. घोडे आपले, खाणं आपलं, आणि निरोपाला उशीर झाला की नोयानच्या, म्हणजे मुलखाच्या सरदाराच्या, कचेरीत गालावर चामड्याच्या पट्ट्याचे फटके. दाजीच्या डाव्या गालावर त्याचा वण होता. कुणी विचारलं की म्हणायचा, "नोयानसाहेबांनी लाड केलाय. सगळ्यांचा नाही करत ते."

मागणी घालायला आला तेव्हा वडिलांनी पाहुण्याला करतात तशी तपकिरीची कुपी पुढे करून विचारलं, "तुझ्यापाशी आहे तरी काय रे?"

"घोडे आहेत, पण ते सरकारनं दमवलेले. एक भाऊ आहे, तो मठानं नेलेला. राहिली जीभ. ती तेवढी अजून माझी आहे."

वडील खो खो हसले. आई फणकारली, "जिभेवर कुणी मुलगी देतं का?" दुलमाताई चुलीत गोवऱ्या सारत होती. तिचे खांदे हसण्यानं हलत होते. आईनं ते पाहिलं आणि पाहुण्यासाठी चहा ओतायला घेतला.

त्याचा भाऊ म्हणजे ओसोर लामा. आईबाप देवीच्या साथीत गेले तेव्हा दाजी अगदी लहान होता. ओसोरनंच त्याला वाढवलं. मठात वाट्याला आलेल्या वाळवलेल्या दह्याच्या वड्या बाहीत लपवून आणायचा आणि धाकट्याला चारायचा. दाजी देवाधर्माची कितीही चेष्टा करो, ओसोर समोर आला की वाकून दोन्ही हात पुढे करायचा.

एकोणीसशे एकवीस सालच्या हिवाळ्यात, तिकडच्या क्रांतीत हरून पळालेल्या पांढऱ्या रशियनांच्या टोळ्या आमच्या भागातून गेल्या. जे दिसेल ते नेलं, जो आडवा आला त्याला मारलं. उत्तरेला सीमेवर आपली माणसं सैन्य उभं करतायत असं कानावर आलं आणि दाजी ठाण्यावरचे सगळे घोडे घेऊन निघाला. पहारेकऱ्यानं हटकलं तर म्हणाला, "तातडीचा निरोप आहे, बाजूला हो." वाटेवरच्या प्रत्येक ठाण्यावर हेच सांगत गेला आणि प्रत्येक ठाण्यावरून दोनचार पोरं त्याच्यामागं निघाली. उन्हाळ्यात परतला तो खांद्याला बंदूक आणि छातीला लाल फीत लावून. नोयानांचं राज्य संपलं होतं. आमच्या मुलखाच्या पहिल्या सभेत लोकांनी हात वर करून त्यालाच अध्यक्ष केलं.

ती पहिली काही वर्षं आठवली की आजही बरं वाटतं. पहिल्याच दिवशी त्यानं कचेरीतले सगळे चामडी पट्टे बाहेर आणवले. कुणी म्हणालं, जाळा. तो म्हणाला, "जाळता कशाला? चांगलं चामडं आहे. खोगिराचे तंग करा." एका मोठ्या तंबूत शाळा काढली आणि पोरांच्या रांगेत मांडी घालून स्वतःही अक्षरं गिरवायला बसला. टप्प्याची वेठ पुरती बंद करणं त्याच्या हातात नव्हतं, पण पाळी सगळ्या घरांवर सारखी लावली. म्हाताऱ्या नोयानवर पाळी आली तेव्हा अख्खा मुलूख ठाण्यावर बघायला जमला. तो बिचारा लाल होऊन घोड्यावर चढत होता. दाजीनं स्वतः त्याला मिठाचा चहा दिला, रिकीब धरली आणि म्हणाला, "सावकाश जा, आजोबा. उशीर झाला तरी चालेल, पट्टे संपलेत." म्हातारासुद्धा हसला.

मग तीस साल आलं. शहरातून लुंडेन नावाचा तरुण अधिकारी आला. कातडी कोट, परदेशात शिकलेला, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा. हुकूम असा की सगळ्यांची जनावरं एका कळपात घाला, मठांवर कर बसवा, तरुण लामांना बाहेर काढा. लोकांनी जनावरं देण्याऐवजी कापून खाल्ली. जी एकत्र झाली ती कुणाचीच नव्हती म्हणून हिवाळ्यात मेली. दाजी घोड्यावरून या तंबूतून त्या तंबूत जायचा, लोकांना समजवायचा. समजवताना त्याची जीभ अडखळायला लागली होती.

एकदा जेवताना दुलमाताई म्हणाली, "अहो, थांबवा ना हे."

"वरून आलंय."

मी म्हटलं, "दाजी, पूर्वी फटकेही वरूनच यायचे."

एरवी त्यानं मला परतून टोला दिला असता. त्या दिवशी वाटी खाली ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

बत्तीस सालच्या वसंतात मुलूख पेटला. शेजारच्या भागातून बंड आमच्याकडे आलं. जुन्या ठासणीच्या बंदुका घेतलेली माणसं पिवळ्या कड्याच्या मठात गोळा झाली. त्यात लामा होते, गुराखी होते, दाजीच्या शाळेत शिकलेली पोरं होती. ओसोरही होता. समोरच्या टेकडीवर लुंडेननं सैन्य आणि तोफ आणून लावली.

दाजी त्याच्याकडे गेला. "मला एक दिवस द्या. मी बोलतो त्यांच्याशी."

लुंडेननं विचार केला आणि म्हणाला, "जा. हत्यारं खाली ठेवली तर घरी जातील, कुणाला हात लागणार नाही. माझ्या नावानं सांग."

"तुमच्या नावावर कुत्रं बाहेर येणार नाही. माझ्या नावानं सांगतो."

तो निघाला तेव्हा दुलमाताईनंही घोड्यावर खोगीर घातलं. दाजी चिडला, "तू कुठं?"

"तुम्ही एकटे गेलात तर सैन्याचा माणूस वाटाल. बायको बरोबर असली की घरचा वाटाल. आणि दीर आहेत ते माझे, मला बघू द्या ना त्यांना."

पुढचं तिनंच मला सांगितलं. मठाच्या दारात बाल्जीद म्हातारीचा एकुलता पोरगा बंदूक रोखून उभा होता. दाजीला बघून ओशाळला आणि बंदुकीचं तोंड खाली केलं. दाजी अंगणात उभा राहून बोलला. ताई म्हणे, इतकं साधं तो कधी बोलला नव्हता. एकही विनोद केला नाही. बायकामुलांची नावं घेतली, तोफेचं सांगितलं, घरी चला म्हणाला.

शेवटी ओसोर पुढे आला. त्याच्याही हातात एक बंदूक होती, उलटी धरलेली.

"हे ते म्हणतायत की तू म्हणतोयस?"

"मी म्हणतोय, दादा."

"मग झालं." त्यानं बंदूक भिंतीला टेकवली. "नाहीतरी मला ही चालवता कुठं येते."

त्याच्यामागून सगळे बाहेर पडले. हत्यारांचा ढीग लागला. सैनिकांनी त्यांना चहा दिला. लुंडेननं दाजीला मिठी मारली, शाबासकी दिली आणि म्हणाला, "तुम्ही दोघं पुढं व्हा. यांची नावं लिहून घेतो आणि सोडतो."

ते घरी आले. आम्ही मेंढी कापली, ओसोर येईल म्हणून वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशी एक मेंढपाळ आला आणि तंबूच्या दारातच खाली बसला. रेताड ओढ्यात नेऊन गोळ्या घातल्या म्हणाला. सगळे लामा आणि ज्यांनी कुणी चार माणसांचं पुढारपण केलं होतं ते. बाल्जीदचा पोरगाही. उरलेल्यांना बांधून तुरुंगाकडे नेलं होतं.

दाजी तसाच घोड्यावर बसून लुंडेनकडे गेला. काय बोलणं झालं ते त्यानं एकदाच सांगितलं.

"मी शब्द दिला होता."

"तू दिलास. मी धोरण पाळलं. शत्रूला दिलेला शब्द हा शब्द नसतो, कॉम्रेड, तो डावपेच असतो."

आणि खरी गोष्ट इथून पुढे बिघडली असं मला वाटतं. एकही सैनिक न गमावता मठ घेतला म्हणून शहरात दाजीचं नाव झालं. त्याला वर बोलावलं, मोठ्या खात्यात दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची दिली. दुलमाताई म्हणाली, "जाऊ नका. ती खुर्ची कशाबद्दल मिळतेय ते कळतंय ना?"

"कळतंय. पण इथं बसून मी कुणाचं काय भलं करणार? जे तुरुंगात जिवंत आहेत त्यांच्यासाठी तरी तिथून काही करता येईल."

तो गेला. कधी वाटतं, नसता गेला तर लोकांनी त्याला समजून घेतलं असतं. फसवला गेला म्हणाले असते. खुर्चीवर बसला आणि लोक म्हणाले, विकला गेला.

शहरात लाकडी घर, खिडक्यांना काचा, दाराशी मोटार. मी एकदा भेटायला गेले तर ताई म्हणाली, "इथं दारावर कुणी हाक मारत नाही गं नोरजमा. टकटक करतात." दाजीनं मात्र आपलं म्हणणं काही अंशी खरं केलं. एकेका कैद्यासाठी खेटे घालून, भांडून, हातापाया पडून बरेच जण सोडवले. ते घरी परतले. कुणी त्याला भेटायला गेलं नाही.

मग एका मोठ्या सभेत कुणीतरी पिवळ्या कड्याच्या कामगिरीचा दाखला दिला. असंच चातुर्य सगळ्यांनी दाखवावं म्हणाला. दाजी उठून उभा राहिला. "ते चातुर्य नव्हतं. मी शब्द दिला होता आणि तो मोडला गेला. ज्यांनी मोडला त्यांनी इथं उभं राहून सांगावं." महिन्याभरात खुर्ची गेली, घर गेलं, आणि दोघं एका बैलगाडीतून आमच्या नदीकाठी परत आली.

आता मुलखात त्याला जागा नव्हती. सरकारी माणसं त्याच्या सावलीला उभी राहत नसत. बाकीचे भेटले तर तपकिरीची कुपी हातात घ्यायचे, नाकाशी न नेताच परत करायचे. त्यानं शेळ्यामेंढ्या राखायला घेतल्या. बोलणं जवळजवळ सुटलंच.

एका सकाळी बाल्जीद म्हातारी त्याच्या तंबूत आली. चहाला हात लावला नाही. म्हणाली, "माझा पोरगा कुठं पडलाय, सांग."

"नक्की जागा मलाही माहीत नाही, आजी."

"मग ऊठ. शोधू."

दोघं रेताड ओढ्यात गेली. पुढे कितीतरी दिवस जात राहिली. तो काठीनं वाळू उकरायचा, ती दगड उलटून बघायची. दर वसंतात त्या ओढ्याला पूर येतो. काही सापडलं नाही. शेवटी काठावर त्यांनी दगडांची एक रास रचली. घरी येताना म्हातारी म्हणाली, "तू आलास. बाकी कुणी एवढंही केलं नाही." थोडं चालून गेल्यावर पुन्हा म्हणाली, "पण मी तुला माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत, आजी."

सदतीस सालच्या शरद ऋतूत आम्ही सगळे मिळून तंबूसाठी लोकर दाबून नमदा करत होतो. लोकर अंथरून झाली होती, पाणी शिंपडून गुंडाळी बांधली होती, माळावरून ओढून ती घट्ट बसावी म्हणून दाजी ती घोड्याला जोडत होता. एवढ्यात मालमोटार आली. उतरलेल्या माणसानं उभ्याउभ्याच आरोप वाचला. बत्तीस साली बंडखोरांशी संगनमत. पुरावा असा, की आतून संबंध असल्याशिवाय एवढी हत्यारबंद माणसं एकाच्या बोलण्यावर बाहेर आली नसती.

दाजी हसला. किती वर्षांनी तो हसताना पाहिला मी. "म्हणजे लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, हा माझा गुन्हा?"

"कबूल आहे का?"

"हे मात्र कबूल आहे."

मालमोटारीत चढताना दुलमाताईकडे वळून म्हणाला, "गुंडाळी तशीच टाकू नका. वाळली तर लोकर फुकट जाईल." त्याला नेल्यावर ताईनं डोळे पुसले नाहीत, घोड्याचा लगाम धरला. आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत ती गुंडाळी माळावरून फिरवली. त्याच थंडीत लुंडेनलाही नेलं असं नंतर कळलं. ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

दाजी परत आला नाही. ताईला शत्रूची बायको म्हणून चांगल्या कुरणात उतरू देत नसत. आम्ही दोघी खडकाळ बाजूला जनावरं चारत म्हाताऱ्या झालो.

बरीच वर्षं लोटल्यावर तालुक्याच्या गावातून एक तरुण माणूस मोटारसायकलवर आला. अदबीनं टोपी काढून बसला, घोडीचं आंबवलेलं दूध प्याला. म्हणाला, "आजी, चौकशी झाली. तोगमिद यांचा काही गुन्हा नव्हता. त्यांचं नाव आता स्वच्छ आहे. शाळेला त्यांचं नाव द्यायचं चाललंय."

ताई ऐकत होती. मग विचारलं, "आणि ओसोर लामांचं?"

"कोण?"

"माझे दीर. आणि बाल्जीदचा पोरगा. आणि त्यांच्याबरोबरचे बाकीचे."

तो गोंधळला. "त्यांच्याबद्दल मला काही सांगितलेलं नाही, आजी. ते बंडखोर होते ना?"

"ते ह्यांच्या बोलण्यावर बाहेर आले होते," ताई म्हणाली. "मी तिथंच होते."

त्यानं टोपी घातली आणि तो निरोप घेऊन निघाला. मोटारसायकलचा आवाज टेकडीमागे गेला तशी ताई उठली, बादली घेतली. घोड्या दोहायची वेळ झाली होती. जाताजाता मला म्हणाली, "शाळेला नाव नको म्हणून सांगायला हवं होतं गं. एकट्याचं नाव ह्यांना आवडलं नसतं." मी म्हटलं, "पुढच्या खेपेला सांगू."

तो पुन्हा आला नाही. शाळेला नाव लागलं.