चाळीस पौंडांचे तात्या

तात्यांकडे धनुष्यबाण शिकायला कुणी आलं, की तात्या आधी त्याला खुर्चीत बसवायचे. "दोन्ही पाय उचल," म्हणायचे, "आता वढ दोरी. सावकाश." पाय अधांतरी, जोर लावायला जमीन नाही. अशा अवस्थेत माणूस मागेपुढे झुलला, धनुष्य आभाळाकडे वर गेलं, दात आवळले, की तात्या ते धनुष्य काढून घ्यायचे आणि हलकं द्यायचे. धनुष्य ओढायला जेवढा जोर लागतो तेवढे त्याचे पौंड. आणि येणाऱ्या प्रत्येकाला, का कोण जाणे, पौंड जास्तच हवे असतात.

मलाही हवे होते. मी पळसदेवची. उजनीच्या पाण्यातून चुलत्यांबरोबर जाळी ओढलेली, त्यामुळे अंगात मस्ती. बारामतीला कॉलेजात असताना जवळच्या कऱ्हाटी गावात तात्यांच्या घरामागच्या मैदानावर पहिल्यांदा गेले आणि "मला तीस पौंड द्या" म्हणाले. तात्यांनी दिलं. मी खुर्चीत पाय उचलले, दोरी ओढली आणि खुर्चीसकट मागे उताणी पडले. शेजारच्या उसात पाणी द्यायला आलेले दोन गडी फिदीफिदी हसले.

"लागलं का?" तात्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर म्हणाले, "अठरा."

अठरा पौंड! ते तर शाळेतल्या पोरी ओढायच्या. मी रागाने रडकुंडीला आले. तात्या माझ्या धनुष्याला दोरी चढवत शांतपणे म्हणाले, "वढायला कुनीबी वढंल गं. धरून ठिवता आलं पायजे. आन् शंभरावा बाण पयल्यासारखा सुटला पायजे. पौंड कुनाला दाखवायचेत? टार्गेटला काय वाचता येतं व्हय?"

तात्या मूळचे फिटर. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात उभा जन्म गेला. चाळिशीत कुठल्याशा स्पर्धेसाठी टार्गेटचे लाकडी स्टँड बनवून द्यायला गेले आणि दिवसभर तिथेच बघत उभे राहिले. तिथून हे वेड लागलं. कुणाचं ऐकून नाही, पुस्तक वाचून नाही, यंत्र उघडून बघावं तसं ते स्वतःच्या हाताने धनुष्य समजून घेत गेले. खांद्याचं हाड कुठे फिरतं, पाठीचा कुठला स्नायू ओढतो, हे ते माझ्या पाठीवर बोल्ट फिरवायच्या एलन कीच्या टोकाने टोचून दाखवायचे. "हितं. हितनं वढ. दंडानं न्हाय."

एकदा मी निवड चाचणीच्या आधी मैत्रिणीचं छत्तीस पौंडांचं धनुष्य चोरून वापरलं. साठाव्या बाणाला खांदा गेला, निवडही गेली. तात्या एक शब्द रागावले नाहीत. तात्यांच्या बायकोने, काकूंनी, तव्यावर मीठ गरम केलं, तात्यांनी त्याची पुरचुंडी बांधून माझ्या खांद्यावर धरली. "अठराला परत यायचं," एवढंच म्हणाले. आले मी. नाक मुठीत धरून आले. तिथून पुन्हा चढत तिशीला पोहोचायला मला दीड वर्ष लागलं, आणि तीस मला आजवर पुरतं.

पण सगळ्यांना खाली उतरवणारे तात्या स्वतः मात्र चाळीस पौंड ओढायचे. साठी उलटली तरी चाळीसच. "आपल्याला सवय हाय," म्हणायचे. ते ओढताना त्यांच्या चेहऱ्यावर जी काही ऐट यायची! आम्ही ती बघत उभ्या राहायचो आणि तात्यांना ते ठाऊक असायचं.

मग त्यांची बायपास झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांनी परवानगी दिली, पण बजावून: धनुष्य हलकं असेल तर खुशाल चालवा, चाळीस पौंड मात्र विसरा, छातीचं हाड आणि हृदय दोन्ही धोक्यात येतील. तात्या "व्हय, व्हय" म्हणाले आणि आठव्या दिवशी चाळीसचंच घेऊन उभे राहिले. बाण सुटल्यावर छातीवर हात धरून वाकायचे, आणि आमच्याकडे बघून हसायचे.

काकू मला गोठ्यामागे घेऊन गेल्या. "वैशे, माझं ऐकत न्हाईत. बंद कर म्हनलं तर जेवत न्हाईत, अन् चालू ठिवलं तर एक दिवस तितंच पडतील. तुझं ऐकतील. तू बोल."

मी काय बोलणार, कपाळ! ज्या माणसाने मला अठरावर आणलं, त्याला मी खाली उतरा म्हणू? तीन दिवस मी नुसती पोरींचे बाण वेचत फिरले. चौथ्या दिवशी, तात्या आत चहा पीत असताना, मी त्यांच्याच पेटीतली एलन की घेतली आणि त्यांच्या धनुष्याचे दोन बोल्ट पाव पाव फेरा सैल केले. बोल्ट सैल केला की धनुष्याचा जोर थोडा उतरतो. कॉलेज संपून मी डेअरीत नोकरीला लागले होते; मग दर सोमवारी ड्यूटीला जाण्याआधी हेच सुरू केलं. गुरूच्या धनुष्याला हात लावतेय, तोही चोरून.

तात्यांना काही कळलं नाही, असं मी धरून चालले. आता ते वाकत नव्हते. अधूनमधून नेम धरायची साईट खालीवर करत बसायचे आणि पुटपुटायचे, "डोळं गेलं आता." मला वाईट वाटायचं, तरी बरंही वाटायचं.

दीड महिन्याने एका सोमवारी मी बोल्टवर वाकलेली, आणि मागून आवाज आला, "वैशे, वरचा पाव फेरा जास्त गेलाय."

माझ्या हातातली की खाली पडली.

"चोरी केलीस त्याचं काय न्हाय," तात्या म्हणाले, "काम वाकडं केलंस त्याचा राग हाय. फिटरच्या हाताखाली शिकलीस ना? दोनी बोल्ट सारकं फिरवायचं. गेल्या पंधरवड्यात धनुष्य मान वाकडी करून बसलंय."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पयल्या सोमवारपासनं. जोर उतरला की बाण खाली पडतो, एवढं मला कळत न्हाय व्हय? म्हनून तर साईट खाली घेत होतो." मग खुर्ची ओढून बसले. "मला कुनी सांगितलंच न्हाय गं. डॉक्टर सांगतो, पर त्याला धनुष्यातलं काय कळतंय? तुमी सगळे भ्यायचा. अन् माझ्या तोंडानं मला म्हनवंना. तू ते गुपचूप करतीस, तर म्हनलं करू दे."

मी तिथेच त्यांच्या पायाशी बसून रडले. मला रडायला फार आवडत नाही, पण रडले.

"आता रडू नगं. बोल्ट संपत आलं, अजून सैल न्हाय व्हायचं. पात्या बदल," तात्या म्हणाले. धनुष्याच्या दोन वाकणाऱ्या पात्या बदलल्या की पौंड एकदम उतरतात. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर, त्यांच्या सांगण्यावरून, तिशीच्या चढवल्या. काकू दारातून बघत होत्या. आत जाऊन त्यांनी शिरा केला.

त्यानंतर तात्यांनी दोन वर्षं बाण मारले. तीसचे चोवीस झाले, चोवीसचे अठरा. दर वेळी ते स्वतःच म्हणायचे, "वैशे, उतरव." हृदय थकत चाललं होतं, डॉक्टरांकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि हे तात्यांना आमच्याआधी कळलं होतं.

शेवटच्या रविवारी काकूंच्या खांद्यावर हात ठेवून ते मैदानात आले. मी सगळ्यात हलकं, चौदा पौंडांचं धनुष्य दिलं. टार्गेट दहा मीटरवर. दोरी निम्मीच ओढली गेली, बाण मध्येच गवतात पडला. दुसराही. ह्याच्याहून हलकं माझ्याकडे काही नव्हतं. काय करावं ते मला सुचेना.

"बघत काय बसलीस?" तात्या दम घेत म्हणाले. "टार्गेट पुढं आन."

काकूंनी आणि मी ते तात्यांच्या हातचं लाकडी स्टँड उचललं. सात मीटर. तात्यांनी मान हलवली. पाच. "अजून." आम्ही पुन्हा उचललं. काकूंना दम लागला होता, पण त्यांनी आपली बाजू सोडली नाही. चार मीटरवर तात्या म्हणाले, "बास. हितनं लागंल."

लागला.

चार दिवसांनी तात्या गेले. पंधरवड्याने पोरी परत शिकायला येणार म्हणून मी पहाटे मैदान झाडलं. टार्गेट मागे न्यायला हवं होतं. एरवी मी ते एकटीने नेते. त्या दिवशी मला उचलेना. शेवटी काकू आल्या आणि त्यांनी दुसरी बाजू धरली.