दाजी जागेवरच असतात

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका जागचा न हललेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झाला नसेल. म्हणजे दाजी फिरायचे सगळीकडे. पण त्यांच्या मते ते जागेवरच असायचे, हलायचं ते जग. कुरुंद्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि अवकाशयानांचा त्यांना भारी नाद. जीप सुटली की कुरुंदा मागे निघालं, असं म्हणायचे. नव्वदच्या दशकातली जीप म्हणजे जितकी माणसं आत, तितकीच बाहेर लोंबकळलेली. तशा गर्दीत एकदा शेजारच्या म्हातारीला म्हणाले, "आजी, माझ्या हिशेबानं तुमी इंचभरबी हलल्या न्हाईत." म्हातारी म्हणाली, "मंग माझी कंबर काहून दुखून राहिली रे बाबा?"

यानातली माणसं तरंगतात, कारण तिथे पृथ्वीची ओढ नसते, असं कुणी म्हटलं की ते उसळायचे. ओढ असतेच, यान आणि माणूस दोघं सारखेच पडत असतात, म्हणून एकमेकांना पडताना दिसत नाहीत. हे पटवायला त्यांनी ताईच्या दुधाच्या डब्याला खिळ्याने भोक पाडलं, त्यात पाणी भरलं आणि गच्चीवरून डबा सोडला. पडताना भोकातून धार येत नाही, हे गल्लीने पाहिलं. ताईनेही पाहिलं. "पानी न्हाई सांडलं, बराबर हाय," ती म्हणाली, "आता दूध कशात आनू, तुमच्या टोपीत?" रागवायची, पण हसायचीही.

औंढ्याच्या जत्रेत मात्र तिचं हसू संपलं. गर्दीत दोघांची चुकामूक झाली. लोंढा देवळाभोवती एकाच दिशेने सरकत होता. दाजी तिला शोधत त्या लोंढ्यातून फिरत राहिले आणि ती त्यांना शोधत देवळाच्या पलीकडच्या अंगाने तशीच फिरत राहिली. अर्धा दिवस गेला. शेवटी ताई थकून एका नारळवाल्याजवळ बसली, तेव्हा कुठे दाजी फिरत तिथे आले. आले ते टाळ्या वाजवत! "अगं, आपण एकाच कक्षेत होतो! दिशा एक, वेग एक, भेट होनारच कशी? यानात पुढच्याला गाठायचं तर उलट ब्रेक मारून खालच्या, लहान कक्षेत उतरावं लागतं." ताईने पुढचं ऐकलं नाही. तिने वसमतची जीप धरली आणि थेट माझ्या दारात आली.

"मला वाटलं हे चेंगरले," ती म्हणाली, "अन् हे खूश होऊन राहिले. मी न्हाई जानार आता." ती हे शांतपणे म्हणाली, म्हणून मला काळजी वाटली. आरडाओरडा केला असता तर मी चहा पाजून दोन दिवसांत परत पाठवली असती.

दुसऱ्या दिवशी दाजी आले. ओसरीवर बसले. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी मध्ये भाजी निवडत बसले, कारण कुणीतरी भाजी निवडायलाच हवी होती.

"चुकलं माझं," दाजी म्हणाले. "मी वेग कमी करायला पाह्यजे होता."

आतून आवाज आला, "कमी काहून? थांबायचं होतं एका जागी. मी आले असते की फिरून."

"अगं, कक्षेत थांबता येत न्हाई. थांबलं की यान खाली पडतं."

"तुमी काय यानात हाय का?"

दाजी माझ्यासोबत भाजी निवडू लागले. मग हळूच म्हणाले, "न्हाई." आणखी एक काडी निवडून, "घरात तुझ्याबिगर लई तकलीफ होऊन राहिली."

संध्याकाळच्या जीपने दोघं गेली.

आता दाजी निवृत्त आहेत. संध्याकाळी दोघं हळदीच्या रानांच्या कडेने फिरायला जातात. मी त्यांच्याकडे गेले की मीही सोबत जाते. यानाचं बोलता बोलता दाजी भराभर पुढे निघतात आणि मध्येच थबकतात. वळून बघत नाहीत, हाक मारत नाहीत, नुसते उभे राहतात. ताईचे गुडघे गेलेत. हल्ली दाजींना दर खेपेला जरा जास्तच उभं राहावं लागतं. ती पोचते, त्यांच्या खांद्यावर हात टेकून दम घेते आणि म्हणते, "हं, सांगा पुढं."