एक शेंडी वर, एक शेंडी खाली

कचरू माहा मोठा भाऊ. मलकापुरात त्याले पेंटर म्हनतात. टेसनापासून बाजारापर्यंत जेवढ्या पाट्या हायेत, त्यातल्या अर्ध्या त्याच्याच हातच्या. मी त्याची लहान बहीन जनका. सातवीतून शाळा सोडली, आता जिनात, सरकी काढाच्या कारखान्यात, कापूस निवडाच्या कामाले हाय. कचरूले कॉलेजात नोकरी कशी लागली याचं लोकं काहीबाही सांगतात. वशिला होता म्हनतात. वशिला नोता. काय झालं ते मी डोयानं पाह्यलं.

त्याले एक खोड होती. वाकडं पाहवत नसे. घरातला बुद्धाचा फोटू बोटभर कलला का जेवता जेवता उठे. टोपल्यातल्या भाकरीची चवडसुद्धा सरळ करे. माहा भांग वाकडा दिसला का म्हने, "जनके, पुन्हा पाड." इंग्रजी त्याले वाचता येत नोतं, पन अक्षर असं काढे का वाचनारानं पाहतच राहावं. एकदा रामराव किरानावाल्यानं पाटीचा मजकूर लिहून देल्ला. त्यात एक ओळ चढली होती, एक उतरली होती. यानं न इचारता सारख्या केल्या. रामराव खूश. तवापासून याच्या डोक्यात बसलं का लोकायचे कागद घाईचे असतात, सरळ आपुनच कराचं.

सडुसष्ट साली गावात नवं कॉलेज निघालं. तिथं रसायन शिकवाले किसनराव सर आले. आपल्याच जिल्ह्यातल्या अमडापूरचे, आपल्यासारखंच बोलनारे. तीन कागद घेऊन ते आमच्या अंगनात आले.

"कचरू, हे कापडावर मोठे करून दे. मागच्या बाकावरच्याले दिसलं पाहिजे."

"काय हाय हे?"

"साखर."

"सर, साखर तं दाना राह्यते. हे तं सहा कोनाचं घर हाय."

"लय लय बारीक केली तं अशी राह्यते. डोयाले दिसत नाही."

"दिसत नाही तं काढली कोनं?"

सर हसले. "हे तू शिकाले ये, मंग सांगतो."

पयल्या कागदावर एकच घर होतं, वरच्या कोपऱ्यावर शेंडीसारखं काही. दुसऱ्यावर दोन घरं जोडलेली, ती आपली चहातली साखर. तिसऱ्यावर घरायची लांब रांग. तो म्हने कापूस.

जाता जाता सर बोलले, "बुधवारी नागपूरची कमिटी येते. प्रयोगशाळेत एक मानूस घ्याचा हाय. नकाशे चांगले झाले तं मी तुह्यं नाव सांगतो."

कचरूले ती जागा पाहिजेच होती. मांगच्या साली तो शिडीवरून पडला होता. तवापासून चार पायऱ्या चढला का पाय लटलट कापत. गिऱ्हाइकाले सांगे, पाटी खालीच रंगवतो, तुमीच टांगा. खरं काय ते मलेच ठाऊक होतं. असा पेंटर किती दिवस चालनार?

त्यानं मांजरपाट आनला, ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून त्याले लावली, वाळवला, अन् तीन दिवस रंगवत बसला. तिसऱ्या कागदावर एका घराची शेंडी वर होती, दुसऱ्याची खाली, तिसऱ्याची वर, चवथ्याची खाली. कचरूनं मान हालवली. "सरानं घाईत काढलं वाटते." सगळ्या घरायच्या शेंड्या त्यानं वर केल्या. मलेही तेच बरं दिसलं.

मंगळवारी सकाळी सर पाहाले आले. पयले दोन पाहून वा म्हनले. तिसऱ्यासमोर उभे राह्यले अन् डोक्याले हात लावला.

"काऊन बे कचरू, हे कोनं सरळ केलं?"

"मीच."

"तू कापसाची ज्वारी केली ना!"

मले राग आला. मी म्हनलं, "वाकडं काढून आनाचं तुमी, अन् बोल माह्या भावाले?"

"जनका, तू चूप बस," कचरू बोलला. "सर, ज्वारी कशी?"

सरानं कापडाची कोर हातात धरली. "हे कापड कापसाचं. त्यावरची खळ ज्वारीच्या पिठाची. दोन्ही पयल्या कागदावरच्या त्याच एका साखरेच्या घरायचे. खळ तुह्या पोटात गेली तं पचते. कापड पचते काय?"

"नाही."

"जोड येगळा हाय म्हनून. सगळ्या शेंड्या एका बाजूले असल्या तं रांग वाकत जाते, मुरडते. आपल्या पोटाले तो जोड सोडता येते. एक वर एक खाली असली तं रांग ताठ राह्यते, एकीले एक चिकटून बसते. तिचा धागा होते. तो जोड आपल्या पोटाले सुटत नाही. गाईच्या पोटात बारीक जीव असतात, ते सोडतात."

कचरूनं सराच्या कागदावरच्या शेंड्यायवरून बोट फिरवलं. मंग म्हने, "कडब्याची गंजी."

"काय?"

"पेंड्या रचतानी एकीचं बूड इकडं, एकीचं तिकडं. सगळी बुडं एकाच बाजूले ठेवली तं गंजी कलते. उलटसुलट ठेवली तं सरळ राह्यते. सर, मी सरळ कराले गेलो अन् वाकडं करून बसलो."

"हाव. आता काय करशीन? उद्या कमिटी हाय."

रंग तेलाचा, पुसला जाईना. कापड उरलं नोतं. कचरूनं त्या नकाशावरचं कापसाचं नाव झाकलं अन् सराकडून इंग्रजी अक्षरं घेऊन ज्वारीचं नाव टाकलं. मंग दारावरचा स्वतःच्या नावाचा कापडी फलक उतरवला. तो उलटा करून लवकर वाळनाऱ्या डिंकातल्या रंगानं दिवस मावळाच्या आत कापूस काढला. एक वर, एक खाली.

बुधवारी मी त्याच्यासंगं कॉलेजात गेली, कापडाचं दुसरं टोक धराले. प्रिन्सिपल सायेबानं पाह्यलं तं कापसामांगून 'कचरू पेंटर' अशी फिकी अक्षरं दिसत होती, तीही उलटी.

"काढा हे. कमिटीपुढं पेंटरची जाहिरात लावता काय?"

"काढतो सायेब," कचरू म्हनला. "पन ज्वारीच्या शेजारी कापूस नसला तं पोरायले फरक कसा दिसन? मलेही दोन्ही पाहूनच समजलं."

तेवढ्यात कमिटी आत आली. नकाशा राह्यला तसाच.

कमिटीतल्या एका म्हाताऱ्या सायेबानं दोन्ही नकाशायकडं बोट केलं. "हे दोन जवळजवळ सारखेच दिसतात. काय फरक आहे?"

किसनराव सर तोंड उघडनार, तेवढ्यात कचरूच बोलला. "सायेब, पयला माही चूक हाय. दुसरा त्याची दुरुस्ती."

मी मनात म्हनलं, झालं, गेली नोकरी. सर खाली पाहाले लागले. प्रिन्सिपल सायेबाचं तोंड एवढंसं झालं. कचरूनं मंग सगळं सांगतलं. शेंड्या, गंजी, गाईचं पोट. म्हातारा सायेब वहीत काहीतरी लिहून पुढं गेला.

आठ दिवस काहीच निरोप नाही. जिनातली केसरबाई मले म्हने, "तुह्या भावाले कोनं सांगतलं व शहानपना कराले? गप राह्यला असता तं काय बिघडत होतं?" मी तिच्याशी दोन दिवस बोललीच नाही.

नवव्या दिवशी कमिटीचं पत्र आलं अन् प्रिन्सिपल सायेबानं कचरूले बलावलं. म्हने, "प्रयोगशाळेत तेजाबाच्या बाटल्या आहेत. तिथं हुशार माणसापेक्षा स्वतःची चूक सांगणारा माणूस बरा. सोमवारपासून ये."

सोमवारी कचरू गेला. पयल्याच दिवशी एक काचेची नळी फोडली, अन् कोनी इचाराच्या आत सराले जाऊन सांगून आला.